एका पदराची तार

येडशीच्या सिद्रामप्पा अडत्यांकडे जी काळी विलायती मोटार होती, ती मूळची एका जहागीरदाराची. निजामाचं राज्य गेलं, जहागिरी गेल्या, जहागीरदार हैदराबादेत बहिणीकडे राहायला गेले आणि जाताना मोटार सिद्रामप्पांना विकून गेले. मोटारीसोबत तिचा ड्रायव्हर चाँदपाशाही आला. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात ती अशी. पुढे जिल्हा मुंबई राज्यात गेला, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, पण त्या मोटारीला उठवायचं, बसवायचं आणि रुसली तर समजूत काढायची हे काम चाँदपाशाकडेच राहिलं. दुसऱ्या कुणी हात लावलेला तिलाही चालत नसे आणि त्यालाही.

मोटारीचं बॉनेट उघडलं की डाव्या अंगाला एक चपटी डबी दिसायची. तिच्यात फ्यूज. काचेचा विलायती फ्यूज जळाला तर नवा आणायला सोलापूर गाठावं लागे, म्हणून चाँदपाशा त्या जागी तांब्याची तार लावायचा. जुन्या वायरीतून केसासारखा एक पदर सोलायचा, दोन टोकांना वेढा द्यायचा, वर झाकण लावायचं. पदर एकच, कधी दोन नाहीत. मोटारीतल्या सगळ्या दिव्यांचा जीव त्या एका पदरात. कुठे वायर घासली, दिव्यांनी जास्त ओढ घेतली, की पदर जळून जायचा आणि मोटार अंधारात उभी राहायची.

सिद्रामप्पा वैतागायचे. "चाँदभाई, जरा जाड तार घाला की! काय हे दर वेळेला सुईत दोरा ओवल्यागत."

"मालक, ही तार जळायसाठीच हाय. ही जळती म्हणून बाकीच्या वायरी जगत्यात. जाड घातली तर ही न्हाय जळायची, मोटार जळंल."

सिद्रामप्पांना ते अर्धंच कळायचं. पण माणूस अडत्या होता. ज्याचं काम त्याच्यावर सोडावं, एवढा शहाणपणा बाजाराने त्यांना शिकवला होता.

चाँदपाशाला गर्व होता तो दोनच गोष्टींचा. एक म्हणजे पंचक्रोशीत त्याच्या हाताचं नाव होतं. "चाँदपाशा असला की मोटार दगा देत न्हाय," असं लोक म्हणायचे आणि तो ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा म्हणायला लावायचा. दुसरी महानंदा. सिद्रामप्पांची एकुलती एक लेक. चाँदपाशाला दोन मुलगे होते, मुलगी नव्हती. महानंदा चालायला लागली तेव्हापासून त्याच्या मांडीवर बसून भोंगा वाजवायची, आणि आडतीतला हमाल दचकून पोतं टाकी तेव्हा दोघं मिळून हसायची. ती त्याला चाँदचाचा म्हणे. घरात तो शब्द कुणी शिकवला नव्हता, तिचा तिनेच उचलला होता.

वैशाखात महानंदाचं लग्न निघालं. नवरा ढोकीचा. घर चांगलं, जमीन काळी, मुलगा शांत. हौस मात्र सगळी नवरदेवाच्या चुलत्याच्या अंगात भरलेली. त्यांचं नाव शिवलिंगप्पा. त्यांनी बार्शीला कुणाच्या तरी वरातीत बल्बांच्या माळा लावलेली मोटार पाहिली होती आणि तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांपुढे तीच नाचत होती. लग्नाच्या दिवशी ते तांबड्या-हिरव्या बल्बांच्या माळा घेऊनच उतरले. टपावर माळा, मडगार्डवर माळा, मागे डिकीच्या कडेनेही माळा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तशी ती बिचारी मोटार दिसायला लागली.

"आता जोडा बॅटरीला," शिवलिंगप्पा म्हणाले.

चाँदपाशाने जोडल्या. मागच्या माळा त्याने मागच्या दिव्याच्या वायरीला बांधल्या, जी डिकीतून जात होती. बल्ब लागले, मांडवातली पोरं ओरडली, आणि टाळ्या संपायच्या आत सगळे विझले. पदर जळाला होता. त्याने दुसरा लावला. तोही गेला.

"ह्यो भार हिला झेपायचा न्हाय अप्पा," चाँदपाशा म्हणाला. "निम्म्या माळा काढू."

"निम्म्या? म्हंजे निम्मीच वरात? जाड तार घाला हो!"

तेवढ्यात शांताक्का, म्हणजे महानंदाची आई, मांडवातून बाहेर आली. लग्नघरातल्या आईच्या तोंडावर असतो तसा थकवा तिच्याही तोंडावर होता. तिने चाँदपाशाला बाजूला बोलावलं.

"चाँदभाई, हात जोडते. आजच्या दिवस दिवे जाऊ देऊ नका. नवरी मोटारीत बसली अन् अंधार झाला, तर लोक तुमच्या तारेला न्हाय नावं ठेवणार. माझ्या लेकीच्या पायाला ठेवणार."

त्यात खोटं काही नव्हतं. नवी सून उंबऱ्यात आली आणि दूध उतू गेलं तरी पायगुण चांगला, आणि म्हैस आटली तर पायगुण वाईट. म्हशीला कुणी विचारत नाही. एकदा शिक्का बसला की जन्मभर पुसला जात नाही, घरात कप फुटला तरी नजर सुनेकडे वळते.

चाँदपाशा डबीपाशी बराच वेळ उभा राहिला. वायरीतून त्याने एक पदर काढला. मग आणखी काढले, चार पदरांना एकत्र पीळ दिला आणि ती जाड तार डबीत बसवली. दिवे लागले ते लागलेच. शिवलिंगप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. चाँदपाशाला ती थाप आवडली नाही. मी गावात शिरण्यापुरतेच दिवे लावीन, वाटेत माळा सोडून ठेवीन, असं तो मनाशी म्हणाला. मनाची समजूत काढायला माणसाला वेळ लागत नाही.

तो जेवायला बसला तेवढ्यात इकडे आणखी एक शहाणपणा झाला. तेरखेड्याचे पाहुणे आले होते. तेरखेड्याचा आहेर म्हणजे लुगडं-भांडं नव्हे, शोभेची दारू. नळे, बाण, चंद्रज्योती असं गच्च भरलेलं पोतं त्यांनी आणलं होतं. ते ढोकीला न्यायचं, नवरदेवाच्या दारात उडवायचं. पण बैलगाडीत हादरे बसतात, वऱ्हाडी बिड्या ओढतात, ठिणगी पडली म्हणजे? शिवलिंगप्पांनी विचार केला आणि पोतं मोटारीच्या डिकीत ठेवून वर जाजम घातलं. मोटारीसारखी निवांत जागा नाही, असं त्यांचं मत पडलं.

उन्हं उतरताना मोटार निघाली. पुढे चाँदपाशाच्या शेजारी शिवलिंगप्पा, मागे नवरा-नवरी आणि पाठराखीण म्हणून धुरपदाबाई. महानंदाने रडून घेतलं होतं, आता ती डोक्यावरून पदर ओढून गप्प बसली होती. रामलिंगाचं रान मागे पडलं. चाँदपाशाने आरशातून एकदा पाहिलं आणि नेहमीपेक्षा हळू गाडी चालवली. लेक जाते ती वाट लवकर सरू नये, असं त्याला वाटत होतं, आणि तसं वाटल्याची त्याला लाजही वाटत नव्हती.

ढोकीच्या वेशीत पोचले तेव्हा दिवस मावळला होता. बँड तयार होता, बायका आरत्या घेऊन उभ्या होत्या. चाँदपाशाने उतरून माळा बाहेरच्या बाहेर जोडल्या. मोटार तांबडी-हिरवी उजळली आणि सगळं गाव "आ" करून बघत राहिलं. शिवलिंगप्पांची छाती फुगली. बँड वाजायला लागला, त्याच्यामागे मोटार मुंगीच्या पावलाने सरकू लागली.

थोडं अंतर गेलं असेल नसेल, चाँदपाशाच्या नाकात वास शिरला. चिंधी जळते तसा वास. बँडवाल्यांच्या बिड्यांचा असेल म्हणून त्याने मान बाहेर काढून पाहिलं. वास पुढून येत नव्हता. मागून येत होता.

"अप्पा," तो साध्या आवाजात म्हणाला, "डिकीत काय टाकलंय?"

"दारू की! तेरखेड्याची. दारात गेल्यावर बघा नुसतं!"

चाँदपाशाच्या तोंडचं पाणी पळालं. डिकी आणि मागचं सीट यांच्यामध्ये एक फळी, बाकी काही नाही. फळीच्या अलीकडे महानंदा. ओरडायला त्याने तोंड उघडलं. पण ओरडला तर काय होईल हे त्याला लख्ख दिसलं. बायका-पोरांची चेंगराचेंगरी होईल, आणि उद्यापासून सबंध गाव म्हणेल, सून वेशीत आली आणि आग घेऊन आली. त्याने मोटार थांबवली, इंजिन बंद केलं.

"जरा दम खाऊ दे हिला," असं म्हणत तो उतरला. बॉनेट उचललं, डबीचं झाकण काढलं. चार पदरांची तार लालबुंद झाली होती आणि जळायचं नाव घेत नव्हती. फडकं शोधायला वेळ नव्हता. त्याने नुसत्या बोटांनी ती धरली आणि ओढून काढली.

सगळे दिवे गेले. बँड एकेक वाद्य करत थांबला. मग आरतीवाल्या बायकांतून एक म्हातारा आवाज आला, "अगं बाई! नवरी येशीत आली अन् दिवे गेले."

"बरं लक्षण न्हाय हे," दुसरीने री ओढली.

उचलली जीभ लावली टाळ्याला! पण असल्या जिभाच गावाचा निकाल लावतात. आरत्यांच्या उजेडात मागच्या सीटवर पदराखालची मान आणखी खाली गेली ती चाँदपाशाने पाहिली. तो पायफळीवर चढला.

"ऐका समदे," तो म्हणाला. त्याचा आवाज एवढा मोठा असतो हे येडशीतही कुणाला माहीत नव्हतं. "हे लक्षण-बिक्षण काय न्हाय. ही माझी चूक हाय. म्या तार चुकीची घातली. ह्या माळांचं काम मला ठाऊक न्हवतं, तरी शानपणा केला. नवरीचा काय संबंध? जी शिवी द्यायची ती मला द्या."

लोकांना शिवी द्यायला माणूस मिळाला की लक्षण बघायची गरज उरत नाही. शिवलिंगप्पांनी सुरुवात केली. "एवढी साधी तार कळंना व्हय तुमाला? काय येडशीत नाव तुमचं! नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा!" बँडवाले हसले. पोरं "बिनडोक ड्रायव्हर" म्हणून ओरडायला लागली. चाँदपाशाने सगळं ऐकून घेतलं. जळलेली बोटं त्याने मुठीत धरली होती.

"चुकलं अप्पा," तो म्हणाला. "पर एक सांगू? दिवे न्हाईत तर न्हाईत. दारात उडवायची दारू हितं येशीतच उडवा की. सून आली अन् आभाळ उजळलं असं म्हणत्याल लोक."

शिवलिंगप्पांचा राग त्यांच्या हौशीपेक्षा लहान होता. त्यांना ते एकदम पटलं. "आणा रे पोतं!"

"तुम्ही ऱ्हाऊ द्या. मी आणतो," चाँदपाशा घाईने म्हणाला आणि दुसरं कुणी पोचायच्या आत त्याने डिकी उघडली. जाजम बाजूला सारलं. वायरीवरचं कापड जळून काळं पडलं होतं आणि वायर पोत्याच्या कानाला टेकली होती. तिथलं तरट करपून तांबडं झालं होतं. बोट लावलं की भुगा व्हावा, असं. पोतं कडेवरच्या लेकरासारखं पोटाशी धरून तो वेशीबाहेरच्या मोकळ्या रानात चालत गेला. पळाला नाही. पळणाऱ्या माणसाकडे लोक बघतात.

पोतं ठेवल्यावर मात्र तो तिथेच खाली बसला. जळलेली बोटं त्याने मातीत खुपसली. मग पोरं आली, दारू काढून मांडली.

ढोकीने असली वरात पाहिली नव्हती. नळे माणसाएवढे उंच उसळले, बाण गेले, चंद्रज्योतींनी वेशीतली पांढरी भिंत दिवसासारखी उजळली. त्या उजेडात महानंदा मोटारीतून उतरून चालत सासरी गेली. मघाची म्हातारी तोंडावर हात ठेवून म्हणाली, "सून पायगुणाची हाय गं बाई! अख्खी येस उजळली." तीच जीभ, आणि तोच टाळा.

मागे राहिलेल्या चाँदपाशाने माळा तोडून टाकल्या, जळकी वायर कापून वेगळी केली, आणि डाव्या हाताने डबीत तार बसवली. एक पदर. मग पुढचे दिवे लावून तो रिकाम्या मोटारीने येडशीला परतला.

"हात कू क्या हुआ जी?" कुलसुमबीने दारातच विचारलं. बायकोपासून लपवण्याइतकी लांब बाही कुणी शिवत नाही. त्याने सगळं सांगितलं. कुलसुमबीचं डोकं मुळातच लवकर तापायचं. आत्ताच्या आत्ता शांताक्काकडे जाते, त्या ढोकीकराचे वाभाडे काढते, म्हणून तिने चपला घातल्या. चाँदपाशाने उंबऱ्यात आडवा हात धरला.

"आग लागणार होती असं एकदा कळलं, की लोक आग इसरत न्हाईत," तो म्हणाला. "तार इसरतील. पोरीला तिथं जन्म काढायचाय."

कुलसुमबीने चपला काढल्या. त्यानंतर तिने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. गप्प राहणं तिला रोज्यापेक्षा अवघड गेलं असणार.

धुरपदाबाई मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या परत आल्या आणि वरातीत दिवे कसे गेले ते तिखटमीठ लावून सांगितलं. शांताक्का चाँदपाशाला काही बोलली नाही. फक्त दुपारी मोटार पुसत असताना "चाँदभाई, चहा घ्या" अशी जी हाक यायची, ती यायची थांबली. सिद्रामप्पा मोटारीत बसताना विचारू लागले, "तार नीट घातली न्हवं?" बाजारातले लोक हसायचे. वरातीसाठी कुणाला मोटार हवी असली तर माळेची वायर दुसऱ्याकडून जोडून घ्यायचे. चाँदपाशाला ते लागलं. लागलं नाही असं म्हणणं खोटं होईल. वीस गावांत मिळवलेलं नाव एका तारेपायी गेलं, आणि ती तार त्याच्याच हाताने पिळलेली होती. चार पदर पिळले तेव्हाच आपलं चुकलं, हे तो जाणून होता. म्हणून तक्रार करायला त्याला जागाही नव्हती.

श्रावण लागला. पंचमीला लेक माहेरी आणायची, तर मुराळी म्हणून कोण जाणार? महानंदाला सख्खा भाऊ नाही. शांताक्काने आपल्या भाच्याला तयार राहायला सांगितलं होतं. तेवढ्यात ढोकीच्या बाजारकऱ्याकडून निरोप आला. "महानंदाबाई म्हणाल्या, मुराळी म्हणून चाँदचाचाच येऊ देत. दुसरं कुणी आलं तर मी येत न्हाय."

शांताक्काने निरोप दोनदा ऐकला. मग चाँदपाशाला बोलावून, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "जा. पोरीचा हट्ट हाय."

चाँदपाशा धुतलेला पायजमा आणि इस्त्रीची टोपी घालून गेला. ढोकीला त्याला ओसरीवर बसवून दूध दिलं. दोन पोरं दारातून डोकावली आणि "तोच त्यो, दिवे घालवणारा" म्हणून खिदळत पळाली. चाँदपाशा दूध प्यायला. महानंदा बाहेर आली. अंगाने भरली होती, चेहऱ्यावर सुख होतं. ते बघून त्याचा अर्धा शीण तिथेच गेला.

मोटार गावाबाहेर पडली. दोन्हीकडे ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती. महानंदा मागे बसली होती.

"चाचा," ती म्हणाली, "त्या दिवशी सीट खालून तापलं होतं."

चाँदपाशाने आरशात पाहिलं नाही.

"मी हात लावून बघितलं. वास पण आला. म्हणलं सांगावं, पर नवी नवरी कशी बोलंल? धुरपदामावशी माझा हात दाबून बसलेल्या. मला वाटलं, आता काय तरी होतंय. अन् तुमी गाडी थांबवली." तिचा आवाज ओला झाला. "पोतं घेऊन जाताना मी पदराआडून बघत होते. किती हळू चाललाव तुमी! मला सगळं कळलं तवाच. अन् मी गप्प बसले. समदे तुमाला हसले, अन् मी गप्प बसले."

"गप बसलीस तेच बरं केलंस माय."

"अजून हसतेत चाचा. घरात कुणी पाव्हणा आला की सासूबाई वरातीची गोष्ट काढतेत. सांगतेत, आमची सून लक्ष्मीच्या पावलाची, येशीत आली अन् आभाळ उजळलं." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "अन् मग म्हणतेत, मोटारवाला मात्र अगदीच बिनअकलेचा होता."

चाँदपाशा हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग हसू आवरेना. त्याने मोटार कडेला घेतली, टोपी काढली आणि डोळे पुसले. ते पाणी हसण्याचं होतं की कशाचं, हे महानंदाने विचारलं नाही.

"सासू तसंच म्हणती? रोज?"

"पाव्हणा आला की."

"पयल्यांदा सुनेचं म्हणती, अन् मग माझं?"

"व्हय."

"बरं," तो म्हणाला. टोपी नीट घातली, मोटार पुन्हा रस्त्यावर घेतली, आणि थोडं पुढे गेल्यावर, कधीकाळी बाजारात करायचा तसं ऐकू न आल्यासारखं करून म्हणाला, "परत एकदा सांग, माय. काय म्हणतेत?"